पडवीतलं पिल्लू

“दूध झालं, भाकरी झाली, सुकटीचा भातही गिळलास. आता काय हवंय तुला?” गंगाराम पडवीत कमरेवर हात ठेवून कुत्र्याच्या पिल्लाला विचारत होता. पिल्लू त्याच्याकडे बघून कुंईकुंई करत राहिलं.

गंगाराम दाभोळचा. उभा जन्म मालवाहू जहाजांवर काढला आणि सारंग, म्हणजे खलाशांचा मुकादम, होऊन निवृत्त झाला. जहाजावर भोंगा वाजला की काय करायचं ते ठरलेलं. केलं की भोंगा बंद. घरही तो तसंच चालवत होता. पिल्लू रडलं की आधी खाणं, मग पाणी, मग गोणपाट, मग गोचीड बघणं. सगळं यथासांग करूनही भोंगा चालूच, म्हणून स्वारी तापली होती.

तसं तापायचं कारण वेगळंच होतं. पावसाळ्यात त्याच्या बायकोला, दमयंतीला, लकवा मारला. वाचा गेली, उरलं ते नुसतं “अं… अं…”. ते ऐकलं की गंगाराम पाणी, गोळी, पंखा, उशी करत धावायचा, आणि तरी थांबलं नाही की करवादायचा. विरारहून लेक सानिका फोनवर म्हणाली होती, “बाबा, आईला मी रविवारी इकडे घेऊन येते. तुम्हाला तिचं काही कळत नाही.” हे खरं होतं, म्हणूनच फार लागलं. आता कुठे त्याला बायकोजवळ राहायला मिळालं होतं.

शेजारची सगुणा दमयंतीला न्हाऊ घालायला आली. पिल्लू तिच्याच कुत्रीचं, कालच गंगारामकडे दिलेलं.

“घेऊन जा गो हेला. डोकं उठवलंन.”

“आईपासनं तुटलंय ओ काका. काय खायला-प्यायला देव नका तेला. जवळ बसा.”

“किती वेळ?”

“बोटीवरची ड्युटी हाय काय? बसा म्हंजे बसा.” सगुणा मागीलदारी पाणी तापवायला गेली.

गंगाराम भुईवर टेकला. पिल्लाने त्याच्या पावलावर हनुवटी ठेवली आणि ते गप्प झालं. गंगारामला जरा फसवल्यासारखंच वाटलं. एवढंच होतं होय!

तेवढ्यात आतून आलं, “अं… अं…”

तो उठला. सवयीने पेला भरला. दमयंतीने तोंड फिरवलं. पंख्याकडे गेलेला हात त्याने मागे घेतला, आणि काही न विचारता खाटेच्या कडेला बसला. दमयंतीने चालता हात पुढे करून त्याचं मनगट धरलं. आवाज थांबला.

बोटीवर जाताना दर खेपेला तो दारात विचारायचा, “काय आणू गो?” ती म्हणायची, “काय नको.” डोळ्यांतून टिपूस काढायची नाही. बाई धीराची म्हणून तो मित्रांत मिरवायचा, आणि येताना परदेशी साड्या, घड्याळं आणायचा. त्या साड्यांनी कपाट भरलं होतं. गंगारामला आता स्वतःची लाज वाटली.

पडवीत फोन वाजू लागला. पिल्लूही पुन्हा रडू लागलं. दमयंतीने मनगट सोडलं, नेहमी सोडायची तसंच, मुकाट्याने.

गंगारामने तिचा हात पुन्हा धरला.

“सगुणा, पिल्लू आत सोड. नि फोन सानिकाचा असंल, घे.”

“काय सांगू तिला?”

“सांग, बाबा आईजवळ बसलेत.”