मंगळवारची खुर्ची

मित्रांनो, मी पार्लरमधली एक जुनी खुर्ची आहे. पाय लोखंडाचे, गादी लाल रेक्झिनची. कारखान्यातून नवी आले, तेव्हा समोरच्या आरशात स्वतःलाच बघून हरखून गेले होते.

माझी मालकीण म्हणजे सगळ्यांची माई. तिचा हात चपळ आणि जीभ त्याहून चपळ. बायका म्हणायच्या, "माई, केस कमी कापा, पण गोष्ट पुरी सांगा."

पण आपल्या घरची गोष्ट माईने कुणालाच सांगितली नव्हती. तिची कॉलेजात जाणारी लेक हळूहळू मिटत चालली होती. कॉलेज सुटलं, जेवण तुटलं, खोलीचं दार उघडेना. नातेवाईक म्हणत, "आळशी झालीय." कुणी चौकशी केली की माई म्हणायची, "अभ्यासात आहे." दुपारी दुकान रिकामं असलं की माझ्यावर बसून पदराने डोळे पुसायची.

शेवटी माईने शेजारच्या औषधवाल्याला सगळं सांगितलं, आणि त्याने लेकीला तरुण मुलांसाठीच्या समुपदेशन केंद्रात पाठवलं. बाजारामागच्या दोन खोल्या, देणग्यांवर चालणाऱ्या. तिथल्या बाईंनी लेकीला बोलायची घाई केली नाही. सुरुवातीला ती नुसती बसून परत यायची. मग एका सकाळी ती दुकानात आली, माझ्यावर बसली आणि म्हणाली, "आई, केस फार वाढलेत. कापतेस?"

माईने लगेच तिच्या गळ्याभोवती कापड बांधलं आणि कात्री उचलली.

पुढे केंद्राच्या मोठ्या देणगीदाराने हात आखडता घेतला. केंद्र बंद पडायला आलं. माईने मंगळवारची सगळी कमाई केंद्राला द्यायचं ठरवलं. माझ्यावर बसलेल्या काकूंनी विचारलं, "एवढं कुणासाठी गं?"

माई अडखळली. केर काढणारी लेक मात्र थांबली. "माझ्यासाठी, काकू. माझं मन आजारी होतं. तिथे गेले, म्हणून आज उभी आहे."

केसांना रंग लावून बसलेल्या त्याच काकूंनी आरशातूनच लेकीकडे पाहिलं. मग हळूच म्हणाल्या, "माझ्या नातवाला घेतील का तिथे?"

त्यानंतर मंगळवारी बसायला जागा उरेना. शिंप्याने बुधवार दिला, बेकरीवाल्याने शनिवार. केंद्र तरलं. आज तिथे आणखी एक समुपदेशक आहे.

आता माझा कापूस बाहेर आलाय. नव्या खुर्च्यांनी मला कोपऱ्यात ढकललंय. त्याचं मला दुःख नाही. मित्रांनो, घरातलं कुणी गप्प झालं तर त्याला आळशी म्हणू नका, त्याच्याजवळ बसा. स्वतःचं मन दुखलं तर लपवू नका. ऐकून घेणारी माणसं असतात. त्यांच्या दाराला कुलूप लागू न देणं, हे मात्र आपल्या सगळ्यांचं काम आहे.