बिनघुंगरांची गाडी

गावच्या माळाला नांगर लावायचा, असं सरपंच रावजींनी मनात पक्कं केलं होतं. येत्या सभेत तुकडे पाडून वाटणी व्हायची होती. ते कानावर आल्यापासून काशम्माला घास गोड लागत नव्हता.

तीन पावसाळे झाले, सोलापूरच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या हेमावतीबाई रविवारी पाहुणे घेऊन माळढोक पाहायला येत. मोटार वेशीपाशी ठेवायची आणि पुढं काशम्माच्या बैलगाडीतून जायचं, हा बाईंचा नेम. परतल्यावर पाहुणे शेजारच्या वच्छलाच्या ओसरीवर ज्वारीची भाकरी नि शेंगाचटणी खात, कुणी येडूनं विणलेली घोंगडी घेऊन जाई. चार-पाच घरांना त्याचा आधार झाला होता. नवऱ्यामागं काशम्माला दुसऱ्याच्या रानात खुरपायला जावं लागत नव्हतं, ते त्यामुळंच. माळ मोडला की पाखरू जाणार, आणि पाखरामागं हे सगळं.

तिनं रावजींना गळ घातली. एकदा डोळ्यांनी बघा, मग काय ते ठरवा. पाखरू बघायला पुण्याहून माणसं येतात याचं त्यांना हसूच येई. तरी श्रावणातल्या एका सकाळी ते बाईंबरोबर गाडीत बसले.

काशम्मानं त्या दिवशी फार काळजी घेतली, आणि तिथंच चुकली. सरपंचांपुढं पाखरू बुजायला नको म्हणून तिनं बैलांच्या घुंगुरमाळा काढून ठेवल्या, आसाला वंगण घातलं, तोंडानं हाकसुद्धा दिली नाही. गाडी गवतातून मांजराच्या पावलानं निघाली. लांब उभ्या असलेल्या नरानं मान ताठ केली, क्षणभर पाहिलं आणि जड पंख मारत तो टेकाडापलीकडं गेला.

"दिसलं की," रावजी म्हणाले. "पाठ दिसली. चला, भाकरी तरी खाऊ."

काशम्माच्या हातातला कासरा सैल पडला. बाईंनी हळूच विचारलं, "काशम्मा, आज बैल मुके का?"

तेव्हा तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. वाजत जाणारी गाडी शेताकडं जाते, हे पाखराला जन्मापासून ठाऊक. गुपचूप येतो तो शिकारी. तिनं खाली उतरून माळा बैलांच्या गळ्यात बांधल्या आणि रोजच्या चाकोरीनं, खडखडत, टेकाडाला वळसा घातला.

नर तिथंच होता. त्यानं गाडीकडं एकदा बघितलं आणि लक्षच दिलं नाही. मग गळ्याखालची पिशवी फुगू लागली. पांढरी, लोंबती, पार गुडघ्यांखाली आलेली. शेपूट पाठीवर उलटलं, पिसं उभी राहिली, आणि माणसाच्या कमरेएवढं ते पाखरू उन्हात ढगासारखं पांढरं दिसू लागलं. मग घुमण्याचा आवाज आला. कानांनी ऐकू येण्याआधी तो छातीत जाणवला. बैलांनी कान हलवले. शंभरदा पाहिलं होतं, तरी काशम्माच्या अंगावर काटा आला.

रावजी बसल्या जागी उठून उभे राहिले होते. मग दबक्या आवाजात म्हणाले, "जरा पुढं घे की."

"न्हाई, अण्णा." काशम्मानं कासरा आवळला. डाव्या हाताच्या गवतात एक तपकिरी मान तिला दिसली होती. "मादी बसलीय तितं. वर्साला एकच अंडं घालती. आपण पुढं गेलो की ती उटंल."

तिच्या तोंडून सरपंचाला नकार, तो पहिलाच. रावजींनी तिच्याकडं पाहिलं, मग त्या मानेकडं, आणि हळूच खाली बसले.

ऊन चढेपर्यंत कुणी हललं नाही. परतताना वेस आली तेव्हा रावजींनी विचारलं, अशा किती गाड्या लावता येतील? दहा?

"दोन," काशम्मा म्हणाली. "त्यापेक्षा जास्त न्हाई."

"दोन तर दोन." रावजी मागं वळून माळाकडं बघत होते. "सबेत मी सांगतो. नांगर न्हाई लावायचा."