बाईंचा निळा कप आणि एंटरची कळ

आमच्या नळखात्यात पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा त्यावर यंत्र चालवणारं ते महागडं युनिक्स नव्हतं. तेवढी खात्याची ऐपत नव्हती. युनिक्सची चुलत बहीण म्हणा. नाकीडोळी तशीच, स्वभावाने जास्त तापट. यंत्रही तापायचं. मागच्या जाळीतून अशी गरम हवा यायची, की मी माझे रुमाल तिथेच वाळवत असे.

या बहिणीला ई-मेल आणि न्यूजग्रुप शिकवायचं काम माझ्या गळ्यात पडलं. ई-मेल म्हणजे पत्र. न्यूजग्रुप म्हणजे फळा. एकाने चिठ्ठी डकवायची, ज्याला हवी त्याने वाचायची. हेडक्लार्कबाईंचा दोन्हींवर काडीचा विश्वास नव्हता.

"शुक्रवारी चारच्या आत या डब्यातून आलेलं एक तरी पत्र मला दाखवा," त्या म्हणाल्या. "तेही परक्या माणसाचं. नातेवाइकांचं चालणार नाही. नाहीतर डबा माळ्यावर आणि तुम्ही परत टपालखिडकीवर."

टपालखिडकीवर मी अकरा वर्षं तिकिटं चाटून चिकटवली होती. जिभेची चवच गेली होती. बायको आमटीत मीठ टाकायची विसरली तरी मी "छान झालीय" म्हणायचो, आणि तिला वाटायचं मी गुणी आहे. कॉम्प्युटरवर आलो आणि चव कुठे जरा परत येऊ लागली होती. आता पुन्हा डिंक? नको रे बाबा.

माझा मेहुणा कॉलेजच्या प्रयोगशाळेत होता. आमचं यंत्र फोनवरून त्याच्या यंत्राला टपाल देणार, त्याचं यंत्र पुढच्याला, अशी ती साखळी. त्याने बावीस फ्लॉप्या हातात ठेवल्या आणि बजावलं, "भावजी, हे सॉफ्टवेअर बसवताना प्रश्न विचारतं. प्रत्येक वाचून उत्तर द्या."

सोमवारी सकाळी बसलो. प्रश्न एकशे बारा. पहिले सात मी अगदी परीक्षेसारखे वाचले. आठव्याला चुकून नुसतं एंटर दाबलं गेलं, तर यंत्राने आपल्या मनानेच उत्तर धरलं आणि पुढे गेलं! मग काय, सासऱ्यांच्या बोलण्यावर जावई मान डोलावतो तसा मी एंटर दाबत सुटलो. फ्लॉपी आत, फ्लॉपी बाहेर. दुपारी चहा आला तोही कुठे ठेवला ते कळलं नाही.

मंगळवारी ऑफिसात हलकल्लोळ. बाईंचा निळा कप नाहीसा! पंचवीस वर्षं नोकरी झाली म्हणून खात्याने दिलेला कप. सगळे टेबलांखाली वाकले. मीही वाकलो, जरा जास्तच वाकलो.

"तुमचा तो फळा चालू झालाय ना?" बाई कडाडल्या. "मग डकवा. 'माझा निळा कप कोणी नेला? निमूट परत करा.' आणि खाली माझं पद लिहा."

लिहिलं. यंत्राने विचारलं, चिठ्ठी कुठपर्यंत पोचवू? मी एंटर दाबलं.

गुरुवारी मेहुण्याचा फोन. "भावजी, कोणाचा कप हरवलाय?"

"तुला कसं कळलं?"

"मला? जगाला कळलंय! हद्द विचारली तेव्हा काय लिहिलंत?"

"एंटर."

"भावजी, तिथे काही लिहिलं नाही तर ते 'सगळं जग' धरतं."

शुक्रवारी तीन वाजता फोनला जोडलेला मोडेम शेपटीवर पाय पडलेल्या मांजरासारखा किंचाळला आणि टपाल उतरू लागलं. एकशे त्रेचाळीस पत्रं! खोटं वाटत असेल तर निम्मी धरा. प्रिंटरचा कागद दारातून जिन्यापर्यंत गेला. एका दीपगृहवाल्याने लिहिलं होतं, इथे मी एकटाच राहतो, मी नेलेला नाही. एकाने टिंबं आणि रेघांनी कपाचं चित्र काढून 'हाच का?' विचारलं होतं. दोघे कपाचा कान डावीकडे असावा की उजवीकडे यावरून भांडत होते. त्यांना कपाशी देणंघेणं उरलं नव्हतं.

बाई जिन्यावर बसून वाचत होत्या. चेहरा फुलत चालला होता. मी मनातल्या मनात डिंकाला रामराम ठोकला.

मग त्यांनी एक पत्र मोठ्याने वाचलं. कुठल्याशा बर्फाळ मुलुखातल्या ऑपरेटरचं होतं. "बाई, तुमच्याकडे हे सॉफ्टवेअर नुकतंच बसवलेलं दिसतं. मशीनच्या मागे गरम हवेच्या जाळीपाशी बघा. आम्ही ऑपरेटर मंडळी चहा तिथेच ठेवतो आणि विसरतो. माझे तीन सापडले."

बाई उठल्या. मशीनच्या मागे गेल्या. आधी माझे दोन रुमाल बाहेर आले, मग निळा कप. सोमवारच्या चहावर हिरवी मखमल उगवली होती.

"हा इथे कसा?"

"माझा कप सापडेना, म्हणून... जो हाताला लागला तो... बाई, खरंच आठवत नव्हतं हो."

त्यांनी कपाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं.

"पत्रं परक्यांची आहेत. डबा राहील, तुम्हीही राहाल," त्या म्हणाल्या. "पण एवढ्या लोकांनी चौकशी केली, त्यांना उत्तर नको? बसा. लिहा. 'कप सापडला. चोर घरचाच निघाला.' खाली तुमचं नाव, पूर्ण."

लिहिलं. यंत्राने विचारलं, चिठ्ठी कुठपर्यंत पोचवू? या वेळी मी डोळे फाडून प्रश्न वाचला आणि 'ऑफिसपुरती' लिहायला बोटं उचलली.

खांद्यामागून बाई शांतपणे म्हणाल्या, "एंटर."