बोटाखालचा शब्द

फ्रिज दुरुस्त करणाऱ्या माणसाचा एका गोष्टीवर ठाम विश्वास होता. बिघाड कसलाही असो, त्यामागे एकच कारण असतं आणि ते सापडलं की निम्मं काम झालं. सध्या त्याच्या मुलीचं वाचन बिघडलं होतं, आणि कारण त्याला सापडलं होतं. नाटक.

आता मुलगी नाटकवाल्यांत जायला लागली तीन महिन्यांपूर्वी आणि वाचताना अडखळत होती पहिलीपासून. पण हे त्याला सांगणार कोण? पालथ्या घड्यावर पाणी.

मुलीला सगळे लिंबू म्हणत. गल्लीतल्या खेळांत ती कायम कच्चं लिंबू असायची. म्हणजे पळायचं, धापा टाकायच्या, पण बाद झालं तरी कोणी मोजायचं नाही. चौथीत आली तरी नाव चिकटून राहिलं. वर्गातही तोच प्रकार. वाचायला उभी राहिली की दोन ओळींत घामाघूम. सहामाहीनंतर बाईंनी बजावलं होतं, वाचन सुधारलं नाही तर पुन्हा याच वर्गात बसावं लागेल. तेव्हापासून बापाच्या जिवाला घोर लागला होता. एकदा वर्गात मागे राहून स्वतःची शाळा मध्येच सुटलेला माणूस तो, त्याला ती पायरी चांगली ठाऊक होती.

नाटकात पोरीला ओढलं आत्याने. आत्या म्हणजे याची थोरली बहीण. दिवसा औषधांच्या दुकानात गोळ्या द्यायची आणि संध्याकाळी हौशी नाटकमंडळी हाकायची, दोन्हीकडे तिचाच शब्द शेवटचा. लिंबूची आई बेकरीत दुपारपाळीला, बाप कोणाच्या तरी स्वयंपाकघरात फ्रिजच्या मागे, तेव्हा शाळा सुटली की पोर तालमीच्या हॉलवर. एक दिवस मंडळींच्या प्रॉम्प्टरचा घसा बसला आणि आत्याने नाटकाची वही लिंबूच्या मांडीवर ठेवली.

"मला नीट वाचता येत नाही," लिंबू म्हणाली.

"वाच म्हणतंय कोण? ते बोलतील तसं तू ओळीवरून बोट फिरव. कोणी अडलं की बोटाखालचा शब्द द्यायचा, हळूच. आवडो न आवडो, लिहिलाय तोच द्यायचा. मी कापलं म्हटलं तर पेन्सिलीने काट मारायची आणि पुढे जायचं. समजलं?"

पहिल्या आठवड्यात नट पुढे आणि बोट मागे असं चाललं. मग बरोबरीने. दुसऱ्या महिन्यात बोट पुढे जाऊन नटांची वाट बघू लागलं. न्यायाधीशाचं काम करणारा केशकर्तनकार तर दर तिसऱ्या वाक्याला विंगेकडे बघायचा. खुर्चीत लिंबू नसली की तालीम सुरूच होईना. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी तिला मोजत होतं, आणि ती खुर्ची सोडून तिला दुसरं काही नको होतं.

बापाने मात्र बहिणीला ठणकावलं होतं, "शाळेतून एक तक्रार येऊ दे, नाटक बंद."

तक्रार आली. डायरीत बाईंनी लिहिलं होतं, मुलगी वर्गात सतत कुजबुजते, पालकांनी भेटावे.

दुसऱ्या दिवशी सकाळचं गिऱ्हाईक टाकून तो शाळेकडे निघाला. फ्रिज आणि त्याची मोटर यांच्याशी तो तासन्‌तास बोलला असता, पण शिक्षकांसमोर त्याची बोबडी वळायची. म्हणून वाटेत तो वाक्य घोटत राहिला. "बाई, हिचं नाटक उद्यापासून... बाई, उद्यापासून हिचं नाटक बंद." हां, हे जमलं. कोपऱ्यावरच्या चप्पल दुकानापासून शाळेच्या फाटकापर्यंत त्याने ते दहा वेळा म्हटलं. लिंबू दोन पावलं मागून ऐकत चालली होती.

शिक्षकांच्या खोलीत बाई वह्या तपासत होत्या.

"हिला जरा आवरा," त्या म्हणाल्या. "वाचनाच्या तासाला जो अडेल त्याला ही मागून शब्द पुरवते. पोरांना सवयच लागलीय. अडलं की प्रयत्न करत नाहीत, नुसती थांबून राहतात."

"पाठ केलं असेल," बाप पुटपुटला.

"मलाही तसंच वाटलं. म्हणून काल न शिकवलेला धडा काढला आणि स्वतः वाचायला घेतला. नेमका माझा चष्मा घरी राहिलेला. मी अडले, तर हिने मलाही शब्द दिला." बाईंना हसू आवरेना. "सहामाहीत हिला दोन ओळी जमत नव्हत्या. वर्ग पुन्हा करायचा प्रश्नच मिटला. घरी काय करून घेता हो तुम्ही हिच्याकडून?"

बापाने तोंड उघडलं. हातही न लावता फ्रिज सुरू झाला होता, आणि जी वायर तो तोडायला निघाला होता, वीज तिच्यातूनच येत होती. त्याला स्वतःची लाज वाटली. काहीतरी बोलायला हवं होतं, पण शब्द फुटेना. बाई वाट बघत होत्या.

तेवढ्यात मागून हळू, स्वच्छ आवाज आला.

"बाई, उद्यापासून हिचं नाटक बंद."

तो वळला. लिंबूची मान खाली होती, डोळे भरलेले होते आणि बोट फ्रॉकच्या काठावरून सरकत होतं. तो अडला होता, म्हणून तिने त्याचं वाक्य दिलं होतं. जसंच्या तसं.

बाप तिच्यासमोर उकिडवा बसला.

"ते वाक्य कापलंय," तो म्हणाला.

लिंबूने नाक पुसलं. बोटाने फ्रॉकवर एक आडवी काट मारली. मग जरा थांबून तिने विचारलं, "मग कुठून घ्यायचं?"

"आज तालमीला किती वाजता सोडू," बाप म्हणाला, "तिथून घे."