तिसऱ्या आऱ्यावरचं वजन

मित्रांनो, मी एक जुना आकाशपाळणा आहे आणि मला डोळे नाहीत. माणसं बोलतात तेव्हा माझ्या लोखंडाला बारीक कंप सुटतो, तेच माझं ऐकणं. पण एक गोष्ट मला तुम्हा सगळ्यांपेक्षा चांगली कळते, ती म्हणजे वजन. माझ्या बारा पाळण्यांपैकी कोणत्यात कोण बसलं, ते जेवून आलं की उपाशीच आलं, हे मला बसल्याबरोबर समजतं. रिकामा पाळणा तर मी झोपेतसुद्धा ओळखीन. म्हणून मी जेव्हा सांगतो की माझ्या रिकाम्या बाजूला दोन हंगाम कोणीतरी लटकत होतं, तेव्हा हसू नका. आधी ऐकून घ्या.

माझा जन्म बोईसरचा. एका पत्र्याच्या शेडमध्ये मला जोडलं. आस एका बंद कारखान्याच्या भंगारातला, आरे दुसरीकडचे, पाळण्यांचे पत्रे तिसरीकडचे. बारा गावचं पाणी प्यालेलं लोखंड म्हणा ना! जोडणाऱ्या कारागिराने शेवटी हातोड्याचा एक जोरदार घाव घातला आणि म्हणाला, "बन गया. अब घूमेगा." तो घाव माझ्या तिसऱ्या आऱ्यावर बसला आणि तिथे थोडा बाक आला. हा बाक लक्षात ठेवा.

मला विकत घेतलं रामकिसनने. तो मराठवाड्यातून कारखान्यात कामाला आलेला. कारखाना सुटला, मग त्याने मला ट्रकवर चढवलं आणि आम्ही जत्रांमागे फिरू लागलो. माकुणसार, शिरगाव, आतल्या डोंगराकडची गावं. तेव्हा मला इंजिन नव्हतं. मला फिरवायचा जिवल्या.

जिवल्या डोंगरातल्या पाड्यावरचा. पावसाळ्यात स्वतःच्या तुकड्यावर भात आणि नाचणी लावायचा आणि दिवाळीनंतर आमच्याकडे यायचा. तो माझ्या आऱ्यांवर माकडासारखा चढे, वर पोचला की तिसऱ्या आऱ्याच्या त्या बाकात हात अडकवून बाहेर लटके, आणि त्याच्या वजनाने मी फिरे. खाली आला की उडी मारून पुन्हा वर. तुमच्या विज्ञानाच्या पुस्तकात ऊर्जेचा धडा असेल. तो धडा म्हणजे जिवल्याच होता. सकाळी खाल्लेली नाचणीची भाकरी त्याला वर नेई. उंचीवर ती ऊर्जा साठून राही, तिला तुम्ही स्थितिज ऊर्जा म्हणता. तो खाली येऊ लागला की तिचीच गती होई आणि वर बसलेली पोरं किंचाळत. भाकरी एकाची, किंचाळी दुसऱ्याची. ऊर्जा नाहीशी होत नाही, ती फक्त हात बदलते.

पुढे डिझेलचं इंजिन आलं. गंमत बघा, तारापूरला वीज तयार होते, तिच्या तारा जत्रेच्या मैदानावरूनच गुणगुणत जातात, आणि मी त्यांच्याखाली डिझेलवर खोकत फिरतो. असो. इंजिन आल्यावर 'गरज सरो नि वैद्य मरो' असं काही झालं नाही. रामकिसनने जिवल्याला ठेवून घेतलं. आता तो माणसं बसवी. एक जण या पाळण्यात, तर दुसरा त्याच्या बरोब्बर समोरच्या. एकीकडे जाडजूड मामा बसले, की समोर दोन बारक्या मावश्या. दोन्ही बाजू सारख्या असल्या की मी मुंगीच्या बळानेही फिरतो. एक बाजू जड झाली, की ती बाजू वर असताना मी म्हणजे ताणलेलं बेचकं. मग मला आवरायला फक्त ब्रेक उरतो.

माझा ब्रेक साधाच आहे. लाकडाचा ठोकळा, त्यावर जुन्या टायरचं रबर, आणि दाबायला लांब दांडा. ते रबर झिजतं. जिवल्या ते प्रत्येक जत्रेआधी बोट फिरवून बघे आणि झिजलं असेल तर बदले. आसाला ग्रीस लावताना तो माझ्याशी बोलतही असे. त्याला कधी कोणी कौतुकाचा शब्द दिल्याचं मला आठवत नाही. कौतुक होई ते माझं, रंगाचं नि उंचीचं.

मग तो पावसाळा आला आणि गेला. माकुणसारच्या जत्रेत मला उभं केलं, तेव्हा सकाळपासून रामकिसन जिवल्याची वाट बघत होता. मला नवल वाटलं. वाट कसली बघतो? जिवल्या तर केव्हाचा आला होता. तिसऱ्या आऱ्यावर, त्या बाकात, त्याचं वजन मला चांगलं जाणवत होतं. तेच ओळखीचं, थोडं डावीकडे झुकलेलं.

दुपारी नवसी आली. नवसी जिवल्याची बायको, जत्रेत ताडगोळे विकते. ती रामकिसनला म्हणाली, की भातकापणीच्या दिवसांत जिवल्याला ताप भरला, दवाखान्यात नेईपर्यंत तो राहिला नाही. त्याचे दिवसही करून झाले. आणि मित्रांनो, त्याच वेळी तिसऱ्या आऱ्यावरच्या वजनाने हात बदलला. दमलेला माणूस बदलतो तसा.

मी लोखंडाचा आहे, पण त्या दिवशी भर उन्हात मला थंडी वाजली.

त्यानंतर सगळं विचित्रपणे सुरळीत चाललं. रामकिसन येईल त्याला येईल तिथे बसवू लागला. एक बाजू जड होई, आणि मी आता सुटणार असं मला वाटे तोच हलक्या बाजूला ते वजन येऊन लटके. तोल सावरे. इंजिन बंद केलं की मी अलगद थांबे, ब्रेकचा दांडा नुसता टेकवला तरी पुरे. खाली असलेल्या कोणालाच काही दिसलं नाही. कुत्री मात्र माझ्या सावलीत बसेनाशी झाली, आणि तान्ही बाळं रिकाम्या पाळण्याकडे बघून हसतात असं बायका आपसांत बोलत.

रामकिसन खूश होता. "पाळणा शहाणा झालाय," तो म्हणायचा. रबराची कोणी आठवण करून दिली, तर म्हणे, चालत्या गाड्याला खीळ कशाला घालायची? तो वाईट माणूस नव्हे. पण ज्याचं काम बिनबोभाट होतं, त्याचं काम कोणाला दिसत नाही. रबर वाऱ्या-पाण्याने तडकलं, मग एका जत्रेत गळून पडलं. उरला नुसता ठोकळा. मला ते कळत होतं. सांगणार कसं?

यंदाच्या हंगामात आम्ही शिरगावला आलो, किल्ल्यापासून जवळच्या मैदानात. खारा वारा सांध्यासांध्यात शिरत होता. दुपारी गर्दी नव्हती, तेव्हा डोंगराकडच्या एका शाळेचा वर्ग सहलीला आला. त्यांच्या शिक्षिका रूपालीबाई. त्यांनी मुलांना माझ्यासमोर बसवून गती आणि ऊर्जा समजावली. इतकं सोपं सांगितलं, की मला स्वतःबद्दल नव्याने आदर वाटू लागला. त्या म्हणाल्या, "वर जाताना पाळणा ऊर्जा साठवतो, खाली येताना खर्च करतो. आज पाठ नाही करायचं, पोटात गोळा आला की समजायचं."

मग मुलं चढली. आणि सगळी मुलं करतात तेच त्यांनी केलं. मैत्रिणीला मैत्रिणीजवळच बसायचं होतं. सगळा वर्ग ओळीने लागून असलेल्या सहा पाळण्यांत बसला आणि समोरचे सहा रिकामे. जिवल्या असता तर एकेकाला उचलून समोर नेलं असतं. शेवटच्या पाळण्यात एक मुलगी बसली. तिचं वजन थोडं डावीकडे झुकलेलं होतं. मी लगेच ओळखलं. ती भाग्यश्री, जिवल्याची मुलगी.

रामकिसनने इंजिन सुरू केलं. पोरांनी भरलेली बाजू कुथत कुथत वर चढली. ती शेंड्यावरून जरा पुढे झुकली, आणि इंजिनाचा पट्टा तुटला.

मी सुटलो. रामकिसनने दांडा दाबला तेव्हा कोरडं लाकूड लोखंडावरून नुसतं घसरलं. इतक्या मुलांची साठलेली सगळी उंची आता गती होऊ लागली. माझ्याकडे हात असते तर मी स्वतःचाच आस धरला असता. वर किंचाळ्या सुरू झाल्या. मुलांना वाटत होतं, ही गंमतच आहे.

तेव्हा तिसऱ्या आऱ्याने वजन घेतलं. मी जरा मंदावलो, पण एका माणसाचं वजन कितीसं पुरणार? ते टोकाकडे सरकलं. सी-सॉवर मागे सरकून बसलं की जोर वाढतो, तुम्हाला माहीत आहे. तेही पुरेना. मग जे झालं ते तुमच्या कोणत्याच पुस्तकात नाही. जिवंत माणसाला लटकल्या लटकल्या आपलं वजन वाढवता येत नाही. ते वजन वाढत गेलं. दुप्पट झालं, त्याहून जास्त झालं, आरा करकरला, आणि त्या करकरीत मला धाप ऐकू आली. मी हळू झालो. आणखी हळू. पोरं तळाशी आली आणि मी जागच्या जागी उभा राहिलो.

मुलं उतरली. काही म्हणाली, परत बसू. रूपालीबाई मात्र फळीवर चढून ब्रेकपाशी आल्या. त्या रामकिसनला म्हणाल्या, की हा पाळणा तळाशी येऊन थांबायलाच नको होता. झोपाळ्यासारखा तो दुसऱ्या बाजूला वर चढायला हवा होता. एवढी ऊर्जा नाहीशी होत नाही. ब्रेकने थांबवलं असेल तर घर्षणाने तो तापला असेल. त्यांनी ठोकळ्याला हात लावला. ठोकळा जवळजवळ गार होता.

"मग गेली कुठे?" त्या स्वतःशीच म्हणाल्या.

भाग्यश्री फळीवर चढून हळूहळू माझे आरे चाचपत होती. तिसऱ्या आऱ्याच्या बाकाशी तिचा हात थांबला. तिथे सावली होती, सगळं लोखंड थंड होतं, फक्त दोन जागा चटका बसेल इतक्या तापल्या होत्या. दोन तळव्यांएवढ्या.

"बाई," ती म्हणाली, "हिथं हाय."

कोणीतरी नवसीला बोलावून आणलं. तिने त्या दोन जागांवर आपले हात ठेवले. भाजत असूनही उचलले नाहीत. तशीच ती रामकिसनला म्हणाली, "दादा, तो मेला तरी तुमी त्याला कामावरून सोडला नाय. मेलेल्या माणसाला किती राबवाल? आता सोडा त्याला."

रामकिसनने तिथल्या तिथे खेळ बंद केला. दुसऱ्या दिवशी बोईसरहून नवा पट्टा आला, नवा ठोकळा आला, जाड रबर आलं. सगळं बसवून झालं, तेव्हा नवसी म्हणाली, मला एकटीला बसवा. इतकी वर्षं जत्रेत काढूनही ती कधी माझ्यात बसली नव्हती.

तिचा पाळणा अर्ध्या उंचीवर नेऊन रामकिसनने ब्रेक सोडला. नियमाप्रमाणे तो पाळणा लगेच खाली यायला हवा. आला नाही. मी स्तब्ध होतो. एका बाजूला नवसी, दुसऱ्या बाजूच्या रिकाम्या पाळण्यात तेवढंच वजन. पहिल्यांदाच ते लटकलेलं नव्हतं, बसलेलं होतं. रूपालीबाई आणि भाग्यश्री खाली उभ्या होत्या.

नवसी समोर बघून बोलू लागली, आवाज न चढवता, घरात बोलावं तशी.

"नवा बरेक घातलाय. म्या हात लावून बगितला, चांगला हाय. पोरगी शाळेत जाते. आमी हाय नीट. तू जा आता."

बराच वेळ काही झालं नाही. मग समोरचा पाळणा हलका झाला. कोणी उडी मारून उतरावं तसा नव्हे. दिव्यातलं तेल सरतं तसं ते वजन सरत गेलं. नवसीचा पाळणा खाली येऊ लागला, वेग घेऊ लागला. रामकिसनने दांडा दाबला. रबर टेकलं, ऊन झालं, आणि माझ्या ब्रेकने मला स्वतःच्या बळावर थांबवलं. नवसी तिथेच मान खाली घालून रडली. मलाही रडता आलं असतं तर बरं झालं असतं.

मित्रांनो, तेव्हापासून मी पुन्हा जत्रा करतो आहे. रामकिसन आता माणसं समोरासमोर बसवतो. रबरावर बोटही फिरवतो. पण माणूस विसरभोळा आहे, आणि खारा वारा विसरत नाही. म्हणून माझी एवढीच विनवणी आहे. माझ्यात बसण्याआधी विचारा, ब्रेक बघितला का? मैत्रिणीजवळ नाही, समोर बसा. लोक हसले तरी विचारा. मी रोज तिसरा आरा चाचपून बघतो, आणि मला वजन कळतं, हे मी तुम्हाला आधीच सांगितलं आहे.

आता तिथे कोणी नाही.