पडद्याअलीकडचं बोलणं

मी रिट्रॅक्टर बोलतोय. नाव भारदस्त, काम साधं: ऑपरेशन चालू असताना पोटावरच्या छेदाची कड मागे धरून ठेवायची. फार वजनाच्या बायकांच्या सिझेरियनला नेहमीची हत्यारं निसटायची, म्हणून डॉक्टरांनी मला मुद्दाम रुंद पात्याचं घडवून घेतलं. त्या दिवसापासून मी त्यांना देव मानलं.

अशीच एक वजनदार पहिलटकरीण तपासणीला आली तेव्हा भेदरलेली होती. डॉक्टरांनी मला तिच्या हातात दिलं.

"घाबरू नका, ताई. पोटाच्या घडीखाली घाम साचतो, तिथं टाके चिघळायची भीती. आपण घडीच्या वर, बेंबीजवळ छेद घेऊ. काही बदललंच तर आधी तुम्हाला सांगेन."

वजनावरून एक शब्दही न ऐकवता तिच्याशी कुणी बोललं, ते बहुधा पहिल्यांदाच. ती हसली. माझीही छाती फुगली.

ऑपरेशनच्या दिवशी तिला फक्त कमरेखाली भूल होती. तोंडासमोर हिरवा पडदा.

"वरून नको, वेळ जाईल," डॉक्टर म्हणाले. "घडी उचला, खालूनच घेऊ."

"त्यांना सांगू का?" सिस्टरनी विचारलं.

"त्यांना काय कळतंय!" मग मला आत सरकवत म्हणाले, "एवढ्यातून बाळ शोधायचं म्हणजे टॉर्चच हवा."

सगळे फिदीफिदी हसले. माझ्या पात्याखाली तिचा श्वास अडकला. थोड्या वेळानं बाळ रडलं.

व्हायचं तेच झालं. घडीखाली टाके चिघळले, जखम उसवली आणि ती पुन्हा त्याच टेबलावर आली.

"वजनामुळं होतं हे, ताई."

"तुम्ही वरून छेद घेणार होतात ना?"

"असं कधी म्हणालो मी?"

माझ्या देखत म्हणाले होते! पण मला वाचा कुठली?

"आणि टॉर्च मिळाला का?" तिनं शांतपणे विचारलं. "मी जागी होते, डॉक्टर."

सिस्टरनी मान खाली घातली. डॉक्टरांनी हातमोजे चढवले. "भूल चढली का बघा," एवढंच बोलले.

या वेळी टाके मात्र सुरेख घातले. तेच मला जास्त लागलं. येत नव्हतं असं नाही. पहिल्या वेळी तिच्यासाठी तसदी घ्यावी, असं त्यांना वाटलंच नव्हतं.

आजही ते मला घाबरलेल्या बायकांच्या हातात देतात, तितकंच गोड बोलतात. बायांनो, मी तुम्हाला इजा करणार नाही. पण छेद कुठं घेणार, ते त्यांना टेबलावर गेल्यावर पुन्हा विचारा. मोठ्यानं विचारा.