खालून भोक नसलेली अ‍ॅक्शन

ड्राय फोर्क नेमबाजी क्लबच्या संघातली चौथी जागा माझा मामा, मर्लिन हॉगे, एकोणीस वर्षांनी हरला. पण हे मी अजून सांगितलेलं नाही. मामा चौथ्या जागेवर सुखात आहे, माँटानात बर्फ पडतोय, आणि त्या हरण्याच्या दिवसाला दीड वर्ष अवकाश आहे.

संघ चौघांचा. दर जूनमध्ये शेजारच्या काउंटीशी सामना. पहिल्या तीन जागा कुणाच्या, यावर कुणी वाद घालत नाही. चौथीसाठी मे महिन्यात निवड होते आणि ती मामाच जिंकतो, म्हणून त्या जागेला लोक मर्लिनची खुर्ची म्हणतात. मामा स्वतः तसं म्हणत नाही. नुसता बसतो.

त्या हिवाळ्यात त्याच्या जुन्या बंदुकीचा बोल्ट अडकायला लागला. मामाने ठरवलं, आता कारखान्यातली नको, हातघडणीची अ‍ॅक्शन घ्यायची. अ‍ॅक्शन म्हणजे नळीच्या मागचं पोलादी घर, ज्यात काडतूस आत ढकलणारा बोल्ट मागेपुढे सरकतो. बाकीची बंदूक म्हणजे तिच्याभोवतीची सजावट, असं मामाचं मत. तशी घडवून देणारं एक जोडपं आयडाहोत राहतं. रांग वर्षभराची, अर्ज बारा प्रश्नांचा. मामाने एकेका प्रश्नाला सरासरी नऊ दिवस दिले.

बोल्टचा दांडा नव्वद अंश उचलायचा की साठ? हे कळावं म्हणून रविवारी चर्चच्या तळघरात, कॉफीच्या वेळी, लोक आपापल्या अ‍ॅक्शन नळीवेगळ्या करून, पुसून, रुमालात बांधून आणायचे. मामा डोळे मिटून एकेक बोल्ट ओढून बघायचा.

"मर्लिन, प्रार्थना चाललीय," पाद्री म्हणाले.

"चालू द्या. मी हळूच ओढतोय."

मामी, म्हणजे आर्डिस, एकदा वैतागली. "मला मागणी घालायला तुला एक बर्फाचं वादळ पुरलं होतं!"

"तेव्हा तुझ्यात दोन प्रकार नव्हते," मामा म्हणाला.

सातवा प्रश्न आला तेव्हा टेबलाशी गार्विन ओपडाल होता. गार्विन तीस वर्षं एकच काम करतोय. दगडी टेबलावर बंदूक ठेवायची आणि कागदावरच्या एकाच भोकात पाच गोळ्या घालायच्या. एकेक काडतूस हाताने भरायचं, वारा पडायची वाट बघायची, वारा पडला तरी थोडी बघायची. प्रश्न असा होता, की मॅगझिन, म्हणजे काडतुसं आपोआप वर ढकलणारी पेटी, बसवायला अ‍ॅक्शनला खालून भोक हवं का?

"पोलादाला भोक?" गार्विन म्हणाला. "मग लाकडाचीच घे की. भोक आलं की ताठपणा गेला."

मामा विचारात पडला. दोन महिने ताठपणाबद्दलच वाचत होता बिचारा. मी तिथेच होतो, पण माझ्या तोंडात घास होता, आणि तो गिळेपर्यंत मामाने 'भोक नको' वर खूण केली होती. बंदूक कशासाठी हवी आहे, हा तेरावा प्रश्न अर्जात नव्हता.

अ‍ॅक्शन एप्रिलच्या शेवटी आली. निवडीला तीन आठवडे होते. नळी बसवून झाली आणि क्लबवर सगळ्यांनी रांगेत उभं राहून बोल्ट ओढला. काहींनी परत रांग धरली. इतकी चांगली होती. मग रोंडा ट्वेटची पाळी आली. रोंडा शाळेची बस चालवते आणि गेली चार वर्षं निवडीत दुसरी येते. तिने बंदूक उलटी केली.

"मर्लिन, हिला मॅगझिन कुठून बसतं रे?"

"बसत नाही," गार्विन कौतुकाने म्हणाला. "तीच तर मजा आहे."

मामाने आयडाहोला फोन लावला. तिकडच्या बाई म्हणाल्या, पोलाद कडक करून झालंय, आता भोक पाडता येणार नाही. नवी हवी तर बारा महिने लागतील. अर्ज पाठवू का?

"प्रश्न तेच आहेत?" मामाने विचारलं.

जुन्या बंदुकीचा बोल्ट कसाबसा वर्षभर चालून मार्चमध्येच कायमचा बंद झाला होता आणि मामी त्याच्यावर टोपी अडकवायची. दुसऱ्याची बंदूक मागणं आमच्याकडे दुसऱ्याची कवळी मागण्यासारखं. मग मामा स्वयंपाकघरात सराव करू लागला. काडतुसं डाव्या हाताच्या बोटांत धरायची, एकेक भरायचं, मामीने अंडी उकडायचं घड्याळ लावायचं.

शनिवारी सकाळी दहाला निवड सुरू झाली. दहा गोळ्या आणि नव्वद सेकंद. कुंपण, टायर, पिंप, उतरतं छप्पर, प्रत्येकावर बंदूक टेकवत सहाशे यार्डांवरची तबकडी वाजवायची. क्लबचा चिटणीस मीच, कारण दुसरं कुणी तयार नव्हतं, म्हणून घड्याळ माझ्या हातात. रोंडाने दहाच्या दहा झाडल्या, पाच वाजल्या.

मामाने पहिली झाडली, वाजली. भरली, झाडली, वाजली. तिसरी. चौथी. मी त्याला एकोणीस वर्षांत इतका छान नेम धरताना पाहिलं नव्हतं. तेव्हा पासष्ट सेकंद झाले होते. पाचवं काडतूस बोटांतून निसटून गवतात पडलं आणि मामा वाकून ते शोधायला लागला.

"अरे, दुसरं घे की!" मागून रोंडाच ओरडली. "खिसा भरलाय तुझा!"

"हे वजन करून भरलंय."

"सगळीच वजन करून भरलीत ना?"

"हे जास्त नीट केलं होतं."

चिटणीसाने बोलायचं नसतं. मी नव्वद सेकंद मोजले आणि शिट्टी वाजवली. काडतूस नंतर सापडलं, मामाच्याच बुटाखाली.

"टक्केवारी काढ," मामा म्हणाला.

"मामा, इथे टक्केवारी नसते."

"काढ तर."

मामा शंभर टक्के, रोंडा पन्नास. रोंडाने मामाच्या पाठीवर थाप मारली. "शंभर टक्के अभिनंदन, मर्लिन. जूनमध्ये सामन्याचे फोटो पाठवते तुला."

मामा हसला नाही. ट्रकच्या मागच्या फळीवर बसून तो बराच वेळ बोल्ट उघडत आणि मिटत राहिला. आवाज येत नव्हता. मी चौघांची नावं राज्य संघटनेला कळवायला कागद काढला तेव्हा तो म्हणाला, "खाली आणखी चार ओळी घाल. मी सांगतो, तू नीट भाषेत लिही." मी लिहिलं:

"तरी माननीय समितीस विनंती की, खालून भोक नसलेल्या अ‍ॅक्शनने भाग घेणाऱ्या सभासदांसाठी नव्वद सेकंदांची मुदत वाढवून साडेसहा मिनिटे करण्यात यावी, गवतात पडलेले काडतूस सापडेपर्यंत घड्याळ बंद ठेवण्यात यावे, आणि सदर नियम आज, शनिवारी, सकाळी दहापासून अमलात असल्याचे समजण्यात यावे."